मीटरमागचा टेपचा तुकडा: सेकंडहँड गाडी, नऊ महिन्यांनंतर

काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा मी प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून ठेवला आहे. करंगळीच्या नखाएवढा. तीन कडा कात्रीने सरळ कापलेल्या, चौथी हाताने तोडलेली. माझ्या गाडीच्या मीटरमागे, इंजिन तापल्याचा इशारा देणाऱ्या लाल दिव्यावर तो चिकटवलेला होता. गाडीबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं चांगलंच आहे. तरी सुरुवात या तुकड्यापासूनच करावी लागेल.

गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, जीए-03 पासिंगची. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. दोष कंपनीचा नाही, आणि नाव दिलं की लोक त्या मॉडेललाच नावं ठेवायला लागतात. अशा गाड्या गोव्यात घरोघरी आहेत, स्पेक सगळ्यांना पाठ आहेत. मी साखळीला राहते आणि वाळपईच्या पुढे एका प्राथमिक शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोज 44 किलोमीटर. कदंबची, म्हणजे सरकारी, सकाळची बस चुकली की पुढचा दिवस गेलाच, आणि सत्तरी तालुक्यातल्या पावसात चार महिने स्कूटर चालवून माझे गुडघे कुरकुरू लागले होते. बजेट अडीच लाखांच्या आत. नवीन गाडीचा हप्ता मला नको होता. कर्ज काढून वस्तू घ्यायची नाही, हे आमच्या घरात आजोबांपासून चालत आलं आहे.

म्हापशाच्या बाजूला एका दलालाकडे ही गाडी मिळाली. 2 लाख 30 हजार. मीटरवर 58 हजार किलोमीटर. बाहेरून चकाचक, इंजिन धुऊन पुसून ठेवलेलं. बोलता बोलता मी शिक्षिका असल्याचं सांगितलं आणि दोन मिनिटांनी तो म्हणाला, "मॅडम, ही टीचराचीच गाडी. शाळा आनी घर, दुसरेकडेन खंयच गेल्ली ना." आरसीवर पुरुषाचं नाव होतं. ते तिच्या नवऱ्याचं, असं उत्तर मिळालं. मी मान डोलावली. आपल्यासारखीच कुणी बाई, सकाळी डबा घेऊन निघणारी, गाडी जपून वापरणारी, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते त्याने मला समोर बघून रचून दिलं होतं, हे आज कळतं.

गुढीपाडव्याला गाडी घरी आली. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं.

पहिला दीड महिना मी खूश होते. स्टेअरिंग हलकं, क्लच मऊ, एसी थंडगार. खटकल्या त्या दोनच गोष्टी. किल्ली फिरवली की बॉनेटमधून पंख्याचा घूं असा आवाज लगेच सुरू व्हायचा, सकाळी इंजिन गार असतानासुद्धा. मला वाटलं, या मॉडेलचं असंच असेल. दुसरी गोष्ट मायलेज. हिशेबाच्या वहीत मी प्रत्येक वेळच्या पेट्रोलची नोंद ठेवते. बारा, तेरा, परत बारा. याच इंजिनावर लोक सतरा-अठरा सांगतात. रस्ता चढउताराचा आहे म्हणून मी ते सोडून दिलं.

मे महिन्यात सुट्टीत बेळगावला चुलत भावाकडे लग्न होतं. मी, आई, भाऊ आणि वहिनी, डिकीत आहेराच्या पिशव्या. केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो. ऊन कडक, म्हणून एसी चालू. चौथ्या-पाचव्या वळणावर गाडीचा दम गेला, दुसऱ्या गिअरवर खेचेना. मी मीटरकडे बघितलं, एकही दिवा नव्हता. म्हणून चालवत राहिले. पुढच्या दोन वळणांत बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ आली आणि गाडी बंद पडली.

ती दोन वळणं मला आजही त्रास देतात. दिवा लागला असता तर मी तिथेच थांबले असते. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तापलेलं इंजिन तसंच चढावर रेटलं की हेड वाकतं आणि त्याखालची गॅसकेट, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारी पट्टी, जाते. जुना दोष आधी होताच, पण शेवटचा घाव माझ्या हातून बसला, कारण मला सांगणाऱ्या दिव्याचं तोंड कुणीतरी बंद केलं होतं.

एका ट्रकवाल्याने पाण्याचा कॅन दिला. भाऊ रेडिएटरचं झाकण उघडायला धावला तेव्हा ट्रकवाल्यानेच हात धरून मागे ओढलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण फिरवताच उकळतं पाणी तोंडावर येतं. नाव न सांगता तो निघून गेला, आभार मानायचे राहिले. टो करून साखळीला आणायला 3,000 रुपये गेले. लग्न चुकलं.

आमच्या वाड्याजवळच्या मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, गाडी उघडली. ऑइलचं झाकण काढलं, तर आत चहावरच्या सायीसारखा फिकट तपकिरी थर. पाणी ऑइलमध्ये मिसळलं होतं. रेडिएटरमध्ये हिरवं-गुलाबी कूलंट नव्हतंच, गंजाळ पाणी आणि तळाशी गळती बंद करायच्या पावडरीचा गाळ. थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं रिकामं घर, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा आतला वॉल (व्हॉल्व्ह) काढून टाकलेला. पंखा डायरेक्ट केलेला, म्हणजे सेन्सर बाजूला टाकून वायर थेट इग्निशनला जोडलेली. मेस्त म्हणाला, "बाय, हें इंजिन आदीं कोणें तरी उगडलां." मग त्याने समजावलं ते असं: वॉल नसला की पाणी सतत फिरत राहतं आणि पंखा सतत चालला की सपाट रस्त्यावर, हळू चालवून दाखवताना, दुखणं कळत नाही. चार माणसं, एसी आणि घाटाचा चढ आला की कळतं. माझं बारा-तेराचं मायलेजही त्यातूनच. वॉल नसलेलं इंजिन हवं तेवढं गरम होतच नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

मग त्याने किल्ली अर्धी फिरवली आणि मीटरकडे बघत राहिला. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, इंजिनाचा पिवळा लागला. "हो दिवो पेटना कित्याक?" तापमानाच्या दिव्याची जागा काळीच. बल्ब गेला असेल म्हणून त्याने मीटर काढला. बल्ब शाबूत होता. त्याच्या पुढे हा टेप.

माझ्याकडे पाहात त्याने तो नखाने सोलून काढला आणि तळहातावर ठेवला. चिकट बाजूला धूळसुद्धा नव्हती.

त्या क्षणापर्यंत मी नशिबाला दोष देत होते. जुनी गाडी म्हणजे जुगार, असं सगळेच म्हणतात. पण टेप आपोआप लागत नाही. कुणीतरी डॅशबोर्डचे स्क्रू काढले, मीटर बाहेर ओढला, कात्री घेतली, मापाचा तुकडा कापला, लावला आणि सगळं परत बसवलं. अर्धा तास तरी गेला असेल. त्या अर्ध्या तासात त्या माणसाच्या मनात गाडी घेणारं कुणीतरी असणारच. तो दिवा त्या घेणाऱ्यासाठीच तर होता.

खर्च असा: हेड फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), गॅसकेट किट, नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंख्याचा सेन्सर आणि मजुरी मिळून 27,400. इन्शुरन्समधून काही मिळालं नाही, कारण यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही. पॉलिसी तोवर माझ्या नावावर झाली होती. ती तातडीने करून घ्या. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर नाव बदलल्याशिवाय कामाचं नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, आपल्याला मिळत नाही.

दुरुस्तीनंतर जुन्या सर्व्हिसच्या नोंदी काढल्या. तीन वर्षांपूर्वीच 81 हजार किलोमीटरची नोंद होती. म्हणजे मीटरवरचे 58 हजारही खोटे.

मी दलालाकडे गेले. बरोबर भाऊ होता, पण बोलले मीच. टेप त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने एकदाही त्याकडे बघितलं नाही. "घेतना तुमी पळयली न्ही?" एवढंच, म्हणजे घेताना तुम्ही बघितली होती ना. स्टँप पेपरवरचं वाक्य दाखवलं: गाडी आहे त्या स्थितीत, पाहून घेतली. मी पाहिली होती हे खरंच. जे झाकलं होतं ते कसं पाहणार?

शाळेतल्या सहकारी बाईंचे यजमान वकील आहेत. त्यांनी 1872 च्या करार कायद्याचं कलम 17 वाचून दाखवलं. विकणारा नुसता गप्प राहिला तर ती सहसा फसवणूक ठरत नाही, पण माहीत असलेली गोष्ट कृती करून लपवली तर ती ठरते. घरातले मला म्हणत होते, तुकड्याचं काय घेऊन बसलीस, सत्तावीस हजारांचं बघ. कलम ऐकल्यावर गप्प झाले. रेडिएटरचं पाणी कुणीही नाकारू शकतो, "आम्हाला काय ठाऊक" म्हणू शकतो. टेप म्हणजे ठाऊक होतं.

वकिलांनीच आणखी एक सांगितलं, जे मला आधी माहीत असायला हवं होतं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. आमच्या दलालाकडे भिंतीवर देवाचा फोटो आणि कॅलेंडर होतं. प्रमाणपत्र कुठे आहे, हे मी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन "ट्रान्सफर आम्ही बघतो" म्हणतात, तेव्हा तारीख घालून झेरॉक्स मागून घ्या. सप्टेंबरमध्ये मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मेस्तने आपल्या बिलबुकावर काय काय सापडलं ते लिहून सही दिली आहे. निकाल अजून नाही.

आता गाडीबद्दल, कारण तिच्यावर अन्याय नको. मे महिन्यात मी ती भंगारात घालायला निघाले होते. आज ते मत राहिलेलं नाही. दुरुस्तीनंतर मायलेज 17 वर आलं. पंखा हवा तेव्हाच लागतो, आणि गार इंजिनाची ती शांतता मला रोज सकाळी बरी वाटते. जून ते सप्टेंबर एकही दिवस शाळा चुकली नाही. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सगळं सामान, सुपारीच्या घोसांपासून नारळांच्या पेंडीपर्यंत, मागच्या सीटवर मावलं. सस्पेन्शन जरा कडक आहे, हेडलाइट मंद आहेत, त्यात विशेष काही नाही.

पावसाने मात्र आणखी एक गोष्ट उघडी केली. पुढच्या मॅटखाली ओल यायला लागली. कार्पेट उचललं तर तळाच्या पत्र्याला गंज, दोन ठिकाणी बोट आत जाईल इतका. खालून ताजा काळा अंडरकोटिंग फासला होता, म्हणून खरेदीच्या वेळी दिसला नाही. आणि सीटच्या रुळांमध्ये वाळू. साखळीची लाल माती नव्हे, पांढरट किनाऱ्याची वाळू, त्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे. मूठभर निघाली. शाळा आणि घर! ही गाडी किनाऱ्यावर भाड्याने फिरत होती का, याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून तसं म्हणणार नाही. पण खाऱ्या हवेत ती बरीच वर्षं उभी होती, हे तो पत्राच सांगतो. वेल्डिंगला 6,500. टोइंग धरून वरखर्च 36,900. एवढं करून 2029 मध्ये पंधरा वर्षं भरतील आणि पुन्हा पासिंग करावं लागेल. किंमत ठरवताना हाही हिशेब धरा. मी धरला नव्हता.

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर न कळवता, सकाळी लवकर जा. मी सांगून गेले होते आणि बॉनेट आधीच कोमट होतं. तेव्हा मला ती आपुलकी वाटली, की यांनी आपल्यासाठी गाडी तयार ठेवली. हाताची मागची बाजू बॉनेटवर ठेवून बघा. गार इंजिनावर ऑइलचं आणि रेडिएटरचं झाकण उघडा. मॅट उचला. चढ असलेला रस्ता मागा, सपाटावर गाडी कुणाचीही चालते. आणि किल्ली अर्धी फिरवून थांबा. सगळे दिवे एकदा लागायला हवेत, मग विझायला हवेत. न लागणारा दिवा लागून राहणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट.

डिसेंबरमध्ये बेळगावला पुन्हा गेलो, त्याच चुलत भावाच्या घरी, राहिलेला आहेर घेऊन. आई पुढे बसली होती. किल्ली फिरवली तशी ती मीटरकडे वाकली आणि लाल दिवा लागून विझेपर्यंत तशीच राहिली. "लागला गं," म्हणाली आणि मग पट्टा लावला. घाटात त्याच वळणावर तिने पुन्हा एकदा वाकून बघितलं. एकही दिवा नव्हता. या वेळी ते खरं होतं.