टँडम सॉ, आठ महिन्यांनंतर: मशीनला भागाकार येत नाही

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये टँडम सॉ, म्हणजे फ्लक्सच्या भुकटीखाली एकामागोमाग दोन वायरनी वेल्डिंग करणारं मशीन, येऊन आठ महिने झाले. पुढची वायर डीसी पॉझिटिव्ह, मागची एसी, नेहमीचंच. दोन्ही डीसी ठेवल्या तर त्यांचे आर्क (वायरच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योती) एकमेकांकडे ओढले जातात. पुढचीला अँपिअर जास्त, व्होल्ट कमी, मागचीला उलट. काम झपाट्यानं उरकतं, त्याबद्दल तक्रार नाही.

माझं भांडण टायमरशी. पुढचा आर्क जिथे पेटला तिथे मागची वायर पोचली की मगच ती पेटायला हवी, थांबतानाही तसंच. पण हा कंट्रोलर दोन वायरमधलं अंतर विचारत नाही, सेकंद मागतो. आमचं अंतर 30 मिमी. मिनिटाला 900 मिमी वेग असेल तर 2 सेकंद, 600 असेल तर 3. प्लेटची जाडी बदलली की वेग बदलतो, पुन्हा हिशेब. लाखांचं मशीन, आणि चौथीतला भागाकार आम्ही करायचा? वेल्डच्या सरळ शिवणीला शेवटी जादा पट्टी लावून निभावतं. टाकीच्या गोल शिवणीला पट्टी लावणार कुठे? शेवटी क्रेटर, म्हणजे खड्डा, राहतो, मग ग्राइंडर, मग परत वेल्ड. ऑपरेटरनं पॅनलवर खडूनं कुठल्या वेगाला किती सेकंद याचा पाढा लिहून ठेवला होता. खंडेनवमीला पोरांनी मशीन पुसलं, पाढाही गेला.

एक स्टार द्यायचा ठरलाच होता, कारण एप्रिलमध्ये मागच्या आर्कचा व्होल्टचा काटा नाचायला लागला. शिवणीच्या शेवटाकडे बीड, म्हणजे वेल्डची पट्टी, वेडीवाकडी. फ्लक्सखाली डोळ्यांना काही दिसत नाही, काटा आणि आवाज यांवरच भिस्त. सर्व्हिसवाल्यानं व्हिजिटचे साडेसहा हजार घेतले आणि मशीनमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदला म्हणाला.

आमचा ऑपरेटर वाकून म्हणतो, "साहेब, काहून कार्ड बदलता? अर्थिंगचा क्लॅम्प कोणी हलवला ते पाहा ना." रंगवाल्यांनी जागा करायला तो शिवणीच्या दुसऱ्या टोकाला लावला होता. परत सुरुवातीच्या टोकाला आणला, क्लॅम्पखालचा रंग घासला. काटा गप्प. म्हणजे मशीन निर्दोष होतं, हे कबूल. साडेसहा हजार मात्र परत मिळाले नाहीत.

म्हणून तीन स्टार. चौथा टायमरनं खाल्ला, पाचवा सर्व्हिसनं.

पाढा आता लॅमिनेट करून पॅनलवर चिकटवलाय. वीस रुपये लागले.