रबाळे एमआयडीसीतली लॉन्ड्री: फायर सूट धुवायला द्यावा तर इथे

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत, आतल्या गल्लीत, पावडर कोटिंगच्या गाळ्याला लागून ही लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, कारखान्यांचे बॉयलर सूट हे त्यांचं रोजचं काम. पण फायर सूटसाठी एक मशीन कायमचं वेगळं ठेवलंय, त्यात दुसरं काहीही टाकत नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी इथे यायला लागलो.

मी महापे भागात एका केमिकल कंपनीच्या फायर टीमवर लीडिंग फायरमन आहे. आगीच्या वर्दीवरून, म्हणजे कॉलवरून, आलं की सूट नळाखाली खळबळायचा आणि उन्हात टाकायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. कोट जितका काळा तितका गडी कामाचा, असं नव्या पोरांनाही वाटतं. त्या काजळीत काय काय चिकटलेलं असतं! बीए सेट, म्हणजे श्वासासाठीचा मुखवटा आणि हवेचं सिलिंडर, लावला म्हणजे झालं असंही नाही. अंग तापलेलं, घामानं भिजलेलं असतं, तेव्हा मानेच्या आणि जबड्याच्या पातळ कातडीतून हे विष आत जातं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फायरमनचं कामच गट १ मध्ये टाकलं, म्हणजे त्यानं माणसाला कर्करोग होतो हे मान्य केलं. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग), या दोन्हींचा पुरावा तिथे पुरेसा ठरला. मेसोथेलिओमा अ‍ॅस्बेस्टॉसनं होतो, आणि आपल्याकडच्या जुन्या शेडवर अजून अ‍ॅस्बेस्टॉस घातलेले सिमेंटचे पत्रे आहेत. आगीत ते तडातडा फुटतात, तेव्हा आम्हीच खाली उभे असतो.

म्हणून या लॉन्ड्रीच्या मालकांचं मला कौतुक वाटतं. काउंटरवरचा मुलगा हातमोजे घालूनच पिशवी घेतो. मालक आधी विचारतात, "काय जळलं होतं? सॉल्व्हंट, प्लास्टिक, का अ‍ॅसिड?" मग कोटाचं आतलं अस्तर सोडवून वेगळं धुतात. पाणी ४० अंशांच्या वर नेत नाहीत, क्लोरीनचं ब्लीच अजिबात नाही, वाळवणं सावलीत. सूटचं अ‍ॅरामिडचं, म्हणजे आग सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचं, कापड उन्हानं आणि ब्लीचनं कमजोर होतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. शिवण उसवलेली किंवा अस्तर फाटलेलं दिसलं तर चिठ्ठी लावून देतात. आणि प्रत्येक वेळी बजावतात: जागेवरच साबणपाणी आणि ब्रश मारा, मग पिशवीत बांधून आणा, गाडीच्या केबिनमध्ये ठेवू नका.

धुवून सगळं निघतं असं मात्र कोणी समजू नये. काजळीतलं बरंच जातं, थोडं राहतंच. कापडानं पाणी धरू नये म्हणून बऱ्याच सूटना लावलेली पीएफएएस रसायनं (सहजी न विरणारी फ्लोरिनची रसायनं) तर त्या कापडातच असतात, ती कुठली लॉन्ड्री काढणार?

एका सूटचे साडेआठशे घेतात. महाग नाही, पण आमच्या कंत्राटी पोरांना ते स्वतःच्या खिशातून शक्य नाही. कंपन्यांनीच भरले पाहिजेत, आणि प्रत्येकाला दुसरा सूटही दिला पाहिजे, कारण सूट परत मिळायला तीन दिवस लागतात आणि वर्दी तोवर थांबत नाही. दुसरी अडचण म्हणजे रविवारी बंद. शनिवारी रात्रीच्या आगीचा सूट सोमवारपर्यंत स्टेशनवर पडून राहतो. तेवढी रविवारची सकाळ उघडी ठेवा, मालक, आसपासच्या सगळ्या टीम तुमच्याकडे येतील.