मीटरवर फक्त ६,४१२: अठरा वर्षं उभी असलेली चेतक, सात महिन्यांनंतर

मिरजेला मामांच्या घरी जिन्याखाली, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांमागे एक बजाज चेतक स्कूटर उभी होती. १९९७ची. मामांचा उजवा गुडघा गेला, किक मारणं जमेना, आणि २००६ नंतर गाडीला कुणी हात लावला नाही. विकायचं नाव काढलं की मामा म्हणायचे, "असू दे रे, खायला मागतीय का?" गेल्या वर्षी मी ती बाहेर ओढली, चादर झटकली. मीटर ६,४१२.

आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. चेतकचं मीटर पुढच्या चाकातून येणाऱ्या केबलवर चालतं. ती तुटली की गाडी पळते आणि आकडा जागेवर बसून राहतो. म्हणून मी आधी किकचं रबर पाहिलं, ब्रेकच्या पेडलचं पाहिलं, पायाखालच्या पट्ट्या पाहिल्या. सगळ्यांवर नक्षी शाबूत. शिवाय मामांची वही होती. मामा शिक्षक, शाळा घरापासून किलोमीटरभर; पेट्रोल किती, ऑइल किती, मीटर किती, सगळं तारीखवार. आकडा खरा होता, आणि मी हुरळलो. जवळजवळ नवी गाडी मिळाली असं घरभर सांगत सुटलो.

पहिल्या मेकॅनिकनं टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्याला जुन्या वार्निशचा वास येत होता. आत गंज होता. मूठभर नट आणि डिझेल घालून टाकी खळखळवली. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले, नवा प्लग टाकला, गाडी नेहमीसारखी कलती केली, आणि सातव्या किकला सुरू. गल्लीतली चार माणसं जमली. तो म्हणाला, "सहा हजार चाललेलं इंजिन आहे, सील पॅक, उघडायचं नाही." मलाही तेच ऐकायचं होतं.

आठव्या दिवशी अंकलीच्या पुलाजवळ मूठ सोडली तरी इंजिनाचा आवाज उतरेना, उलट चढत गेला. चावीकडे हात जाईपर्यंत मागचं चाक एकदम अडलं. क्लच दाबला म्हणून सरळ उभा राहिलो. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

दुसऱ्या मेकॅनिकनं, साठी उलटलेले चाचा आहेत, इंजिन खाली घेतलं तेव्हा उलगडा झाला. चेतकसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँकच्या पोटात जातात, मग वर सिलिंडरमध्ये. तिथली दोन ऑइल सील हवाबंद असावी लागतात. अठरा वर्षं न फिरता त्यांचं रबर वाळून दगड झालेलं. एकीकडून बाहेरची हवा आत, म्हणून मिश्रण पातळ, इंजिन सैराट आणि गरम; दुसरीकडून गिअरबॉक्सचं तेल आत, म्हणून मला दिसत होता तो न थांबणारा पांढरा धूर. भरीला सिलिंडरच्या पंखांमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. पंख्याची हवा जाणार कुठून? चाचा एवढंच म्हणाले, "बेटा, ही चालून झिजली नाही, बसून झिजली."

सिलिंडर बोअर करून पहिल्या ओव्हरसाइझचा, म्हणजे मूळपेक्षा किंचित मोठा, पिस्टन घातला. म्हणजे ६,४१२ किलोमीटरचं इंजिन आता 'ओरिजनल' राहिलेलं नाही. सील, बेअरिंग, एकमेकींना चिकटलेल्या क्लच प्लेटा धरून इंजिनावर चौदा हजार गेले. टायर दिसायला कोरे करकरीत, पण बाजूला नखानं दाबलं की भेगा उघडत. तेही बदलले, स्टेपनीसकट. गिअर, क्लच, ब्रेकच्या वायरी, ब्रेक शू, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग मिळून आणखी साडेनऊ हजार.

ते पहिले आठ दिवस धरून सात महिन्यांत २,३४० किलोमीटर. मिरज ते सांगली रोजची ये-जा, दोनदा कोल्हापूर. सरासरी लिटरला अडतीसच्या आसपास. १४५ सीसीची ओढ शहरात पुरते, मागे माणूस बसलं तरी. वजन उजवीकडे हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही, त्यामुळे सिग्नल जास्त असले की मनगट बोलतं. ब्रेक ड्रमचे. आजच्या स्कूटरच्या भरवशावर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून गेलात तर पस्तावाल. रात्री हेडलाइट रस्त्यापेक्षा समोरच्याला आपण दिसावं यासाठीच आहे असं समजा.

पंक्चरचा कारभार मात्र या गाडीइतका सोपा दुसऱ्या कशात नाही. मोजके नट, स्टेपनी, दहा मिनिटं. फक्त रिम दोन तुकड्यांचं आहे. आधी हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते तुकडे खोलायचे नाहीत.

पेट्रोलचं वेगळं सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं आणि जुन्या रबराशी त्याचं जमत नाही. माझा पेट्रोल पाइप तीन आठवड्यांत मऊ पडला, तो चांगल्या प्रतीचा घेतला. गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलचं मशीन पंपावर दिसत नाही, बाटली डिकीत. पार्ट सगळे मिळतात, पण स्वस्तातली क्लच वायर दोन महिन्यांत तुटली.

कागदपत्रांचं आधी पाहा. पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली असते. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून हजार झाली, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना दोन हजार, आणि उशिराचा आकार वेगळा. आरटीओत आकडा काढून घ्या, मगच मालकाशी भाव बोला.

मला गाडी फुकट मिळाली, म्हणून साडेतेवीस हजार परवडले. कमी रनिंगच्या नावाखाली कुणी पन्नास-साठ हजार मागत असेल तर मी देणार नाही. तेवढ्यात रोज वापरातली, चाळीस हजार पळालेली, सील नुकती बदललेली चेतक मिळाली तर डोळे झाकून ती घ्यावी.

आता चेतक नावाची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, म्हणून सिग्नलला पोरं विचारतात, "काका, इलेक्ट्रिक का?" धूर बघूनही विचारतात.

मामा रोज संध्याकाळी मीटर विचारतात आणि त्याच वहीत, २००६च्या ओळीखाली, लिहून घेतात. नवा पिस्टन म्हणून सुरुवातीला मी लिटरला तीस मिली ऑइल टाकत होतो, ती सवय अजून सुटलेली नाही. ८,७५२ च्या पुढे त्यांनी लाल पेनानं लिहिलंय: 'ऑइल जास्त. वीसच टाकणे.'