पातळ करत जायचं की एकच पेशी उचलायची?

समुद्रतळाच्या गाळातल्या नव्या कशाभिकाधारी (पोहण्यासाठी चाबकासारखे तंतू असलेल्या) एकपेशीय जिवाचं वर्णन नागपुरात बसून करायचं, तर आधी शुद्ध संवर्धन, म्हणजे जीवाणू सोडता फक्त त्याच प्रजातीची वाढ, हवी. निर्जंतुक समुद्रपाण्यात गाळ दहा-दहा पट पातळ करत २४ खणी प्लेट भरणं सोपं. तांदळाचा दाणा टाकला की जीवाणू वाढतात, तेच या जिवांचं खाद्य. पण भराभर दुभंगणारी नेहमीचीच प्रजात बाजी मारते, दुर्मीळ हरवते.

बर्नरवर ओढलेल्या बारीक काचनळीनं एक पेशी उचलून चार-पाच थेंबांत धुणं किचकट, तरी आमचा कौल याच रीतीला: १८एस जनुक (प्रजातीची ओळख पटवण्यासाठी वाचतात ते) आणि फोटो एकाच वंशाचे, ही खात्री मिळते. मात्र मे महिन्यात थेंब बघता बघता आटतो, क्षारता लिटरला ३५ ग्रॅमवरून चढते, पेशी आक्रसते, कशाभिका थांबतात. म्हणून पंखा बंद, डिशमध्ये ओला टिपकागद.