स्कूटर विकली, दंड मात्र अजून माझ्याच नावावर

गेल्या वर्षी स्कूटर जुन्या गाड्यांच्या एका डीलरला ३८,००० रुपयांना विकली. हातात ३५,००० आले. उरलेले ३,००० "नाव ट्रान्सफर झालं की देतो" म्हणून त्याने ठेवून घेतले. ते तर बुडालेच, वर त्या गाडीची १६,५०० रुपयांची ई-चलानं माझ्या नावावर आहेत. डीलर दुकान बंद करून गायब.

त्याने गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० समोर ठेवले, तो क्षण डोक्यातून जात नाही. सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख, सगळं कोरं. विचारलं तर म्हणाला, "साहेब, पार्टी ठरली की भरतो, सगळे असंच करतात." करतातच! शेजारी दोघं जण तशाच सह्या करत होते. रीतसर दुकान, बाहेर बोर्ड. कोणीही सही केली असती. सगळा डाव त्या कोऱ्या रकान्यात होता. तो भरल्याशिवाय पेन उचलू नका, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो तिथेच काढा.

चलानाच्या फोटोत स्कूटरवर तिघं जण, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही, आणि नंबर मात्र लख्ख. ती एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, गाडी विकण्याआधी मीच ५३१ रुपये भरून बसवली होती. आपल्याकडे गाडी विकली की नंबर सहसा गाडीबरोबरच जातो. म्हणूनच आरसीवरचं नाव बदलणं हाच खरा बचाव आहे.

ट्रॅफिकवाले म्हणतात, आरटीओत जा. आरटीओ म्हणतं, खरेदीदाराला घेऊन या आणि आधी चलानं भरा. अहो, खरेदीदार कोण हेच मला माहीत नाही! पोलीस ठाण्यात ऐकवलं, "हा तुमचा आपसातला व्यवहार, कोर्टात जा." अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. गाडी कुठल्या चौकात किती वाजता होती हे यंत्रणेला ठाऊक आहे, फोटोत चेहरे दिसतात. दंडाचा मेसेज लगेच येतो, पण ती गाडी अडवा म्हटलं की कोणाकडेच माणूस नसतो. फसवलेल्यालाच आरोपीसारखं उभं करायचं, ही कुठली पद्धत?

खरी धास्ती दंडाची नाही. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं आणि विमा संपलेला असला तर? नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. भरपाईची नोटीस माझ्याच दारात येईल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते काम डीलरवर सोडू नका, स्वतः करा. १ एप्रिल २०२३ पासून डीलरकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र असावं लागतं. ते बघायला मागा. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी ने होते आणि तिथून जबाबदारी त्याची. हे मला ना डीलरने सांगितलं, ना आरटीओतल्या कोणी.

आणि ज्यांनी आधीच गाडी दिली आहे, त्यांनी आजच परिवहनच्या साइटवर विकलेल्या गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव तपासा.