‘स्वतःच बसवा’ म्हणत गळ्यात मारलेला गॅस गीझर

गॅस गीझर विकणारा माणूस आपणहून म्हणाला, ‘फिटर कशाला? तीन तर नळ्या आहेत, तुमचे तुम्हीच बसवाल,’ तर तिथेच कान टवकारा. आपले पैसे वाचावेत म्हणून तो हे सांगत नसतो. जाणकार माणसाची नजर त्या गीझरवर पडू नये, एवढीच त्याची काळजी असते. मला हे उशिरा कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचा जुना गीझर पेटेनासा झाला होता. नळ सोडला की स्पार्कची टकटक होते ना, तीच बंद. नवे सेल टाकून पाहिले, तरी ढिम्म. दुरुस्तीवाला आला, कव्हर काढलं, खालचा पितळी भाग खोलला, परत जोडला आणि खाली कुठलासा स्क्रू फिरवला. पाण्याची धार थेट माझ्या पायावर. ‘साहेब, कॉइल फुटली. पीस गेला.’ मोबाइलच्या टॉर्चमध्ये त्याने तांब्यावरचा हिरवट डागही दाखवला. समोर पाणी वाहताना दिसतंय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

त्याने फिरवला होता तो पाणी काढून टाकायचा प्लग. तो सैल केला की धडधाकट गीझरमधूनही धार लागते. तांब्याला हिरवा डाग तर दमट हवेनेही पडतो. कॉइलला, म्हणजे पाणी तापतं त्या तांब्याच्या नळीला, खरंच भोक असेल तर पाणी वरून, बर्नरवर टपकतं. गीझर न पेटवता पाणी तेवढं सोडून बघितलं की कळतं. खालच्या पितळी भागातून ओघळत असेल तर बहुतेक वेळा वॉशर किंवा ओ-रिंगचं काम असतं.

जुना पीस ‘एक्स्चेंज’मध्ये घेऊन त्याने त्याच दिवशी दुसरा आणून दिला. खोका सीलबंद. सोबत ‘फिटिंग किट’: हिरवी रबरी नळी, पांढऱ्या टेपचं रीळ, दोन क्लिपा आणि एक गॅस अलार्म. अलार्म छताजवळ लावा, मग धूर असो की गळती, सगळं तोच सांभाळतो, असंही सांगून गेला. आमच्याकडे सिलिंडर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर फरशीलगत साचतो. छताजवळच्या अलार्मला त्याचा पत्ता लागेपर्यंत खोली भरलेली असते. (पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, त्याचा अलार्म वर लावतात.) आणि गळतीच्या अलार्मला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गॅस अर्धवट जळाला की होणारा विषारी वायू, कळत नाही. त्याचं यंत्र वेगळं मिळतं.

गीझर भिंतीला टांगण्याआधी मी तो टेबलावर आडवा ठेवून नीट पाहिला. बाहेरून चकाचक. पण कव्हरच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या होत्या, नव्या वस्तूच्या अशा नसतात. आत बर्नरच्या पट्ट्यांच्या फटींत काजळी. ओव्हरहीट थर्मोस्टॅटच्या दोन वायरी त्यावरून काढून एकमेकींना पिळ मारून काळ्या टेपने गुंडाळलेल्या. म्हणजे पाणी कितीही तापलं तरी गॅस तोडणारं तिथे काही उरलंच नव्हतं. बाजूच्या पट्टीवर ‘एलपीजी’ असं स्टिकर होतं, त्याचा एक कोपरा सुटलेला. नखाने उचलला. खाली कारखान्याची धातूची नेमप्लेट, आणि तिच्यावर ठसठशीत ‘नैसर्गिक वायू’.

हा नुसता लेबलचा घोळ नाही. घनमीटरला घनमीटर धरलं तर एलपीजीत नैसर्गिक वायूच्या अडीच ते तीन पट उष्णता असते, आणि घरगुती एलपीजीचा दाबही जास्त, साधारण 28 ते 30 मिलिबार. नैसर्गिक वायूचा 20 च्या आसपास. म्हणून नैसर्गिक वायूच्या गीझरच्या जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोट्यांची, भोकं मोठी ठेवलेली असतात. त्यातून एलपीजी सोडला तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस आत येतो, त्याला हवा पुरत नाही, ज्योत लांब आणि पिवळी होते, कॉइलच्या फटी काजळीने बुजतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गॅस गळल्यावर येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, तो जळताना संपून जातो. त्यामुळे ‘वास नाही म्हणजे धोका नाही’ हे इथे चालत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणसाला वाटतं गरम पाण्याच्या वाफेनेच होतंय.

परवानाधारक फिटरला बोलावलं. त्याने पाहून मान हलवली आणि जुन्या गीझरचं काय झालं होतं ते विचारलं. दुरुस्तीवाला जाताना बाल्कनीत एक काळी रबरी चकती टाकून गेला होता, ती मी त्याला दिली. त्याने उजेडासमोर धरली. मधोमध चीर. ‘हा डायफ्राम. पाणी आलं की हा दांडा ढकलतो, त्यावर स्विच दबतो, गॅस उघडतो. फाटला की स्पार्कसुद्धा नाही.’ बदलायचा होता तो एवढाच तुकडा. म्हणजे त्या गृहस्थाने मला चांगला गीझर मोडीत काढायला लावला, दुसऱ्याचा टाकाऊ नवा म्हणून विकला, आणि माझा आता चकती घालून तिसऱ्याला विकणार. या माणसाची हुशारी मान्यच करायला हवी.

परत करायला गेलो तर ‘सील तुम्ही फोडलंत’. बिलावर फक्त ‘गीझर, एक नग’. कंपनी नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. तक्रार केली, पण हाच पीस त्यानेच दिला हे सिद्ध कशावरून करणार? त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानातच खोका उघडायला लावा, नेमप्लेटचा फोटो काढा आणि तिच्यावरचा नंबर बिलावर लिहून घ्या. आढेवेढे घेतले तर निघा. जुना पीसही मूळ दोष कळल्याशिवाय हातातून सोडू नका.

मग गीझर स्वतः बदलूच नये का? माझं मत असं: काढणं, टांगणं आणि पाण्याच्या नळ्या हे जमणाऱ्याने खुशाल करावं. गॅसचा जोड आणि धुराडं परवानाधारकाकडे द्यावं. अनेक देशांत कायदाच तसा आहे. काढताना आधी गॅस मुळातून बंद करायचा, मग शेगडीचा एक बर्नर पेटवून नळीत उरलेला गॅस जळू द्यायचा. पाणी बंद करून गरम नळ उघडा ठेवायचा. नट सोडवताना दोन पाने हवेत, एक नटला आणि एक मागच्या पाइपला. नाहीतर भिंतीतला पाइप पिळवटतो आणि गळती प्लास्टरच्या आत सुरू होते. थंड पाण्याच्या तोंडाशी जाळी असते, ती लावायला विसरू नका.

फिटर काम करत असताना बाजूला उभे राहा. नळी गॅससाठीच बनवलेली, तिच्यावर तसा छाप असलेली हवी. किटमधली हिरवी नळी साधी पाण्याची होती. आट्यांना टेप लावायची तर गॅसची जाड, बहुतेक पिवळी येते ती. पांढरी पातळ टेप पाण्याची. वॉशर असलेल्या जोडाला टेप लावायचीच नाही, तिथे वॉशरच गळती थांबवतो. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी, बुडबुडा आला की परत सोडून बघणं. काडी पेटवून बघणारा फिटर दिसला तर त्याला नमस्कार करून परत पाठवा.

पेटल्यावर ज्योत निळी, स्थिर. दारं-खिडक्या लावून, एक्झॉस्ट फॅन चालू करून गीझर काही मिनिटं चालवायचा आणि धुराड्याच्या तोंडाशी नुकती विझलेली, धुरणारी काडी धरायची. धूर आत ओढला गेला पाहिजे. खोलीकडे येत असेल तर तो फॅनच धुराड्यातली हवा उलटी खेचतोय. अशा वेळी गीझर तिथेच बंद करायचा.

तो गीझर मी भंगारात दिला. त्याआधी गॅस व्हॉल्व्ह काढून ठेवला, बर्नरचे जेट हातोडीने चेपले आणि नेमप्लेटवर लिहिलेलं सगळं खिळ्याने खरवडून टाकलं.