यामाहा पॅसिफिका ०१२ आणि फेंडर फ्रंटमन १०जी: स्वस्तातली जोडी, सोलापूरच्या घरात

पॅसिफिका ही इलेक्ट्रिक गिटार खोक्यातून काढून तशीच वाजवत राहिलात, तर महिन्याभरात पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबक-कॉइल) बदलायची हुक्की येणार. जरा दम धरा. या किमतीत खोट पिकअपमध्ये फारशी नसते, सेटअप (तारा, नेक, उंची यांची जुळवणी) राहिलेला असतो. कुरियरने आलेल्या गिटारचा तर हमखास.

पॅसिफिका ०१२ ला ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर (दोन कॉइलचा, गुणगुण कमी करणारा पिकअप), मध्ये आणि नेकजवळ (गिटारच्या मानेजवळ) सिंगल कॉइल (एका कॉइलचे), पाच जागांचा स्विच, आणि व्हॉल्यूम-टोनचा एकेकच नॉब. शिकणाऱ्याला याहून जास्त लागत नाही. आधी तारा बदला: ९-४२ चा सेट (पातळ तार ०.००९ इंच, जाड ०.०४२), खुंटीवर दोन-तीन वेढे, मग हाताने ताणून पुन्हा सुरात. सूर लावताना ‘टिक्’ आवाज होऊन ट्यूनरचा काटा एकदम पुढे उडी मारत असेल, तर तार नटच्या (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, पुरतं. ट्रेमोलो (सूर खालीवर करायचा दांडा) वापरणार नसाल तर मागच्या झाकणाखालचे दोन लांब स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवा. सूर जास्त वेळ टिकतो.

मग नेक. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून धरा. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर, साधारण पाव मिमी फट हवी. ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा, आणि जोर लागत असेल तर तिथेच थांबायचं. १२ व्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिमी. यापेक्षा खाली नेली की फ्रेट बझ (तार फ्रेटला घासून खरखर) होतो आणि लोक दोष अ‍ॅम्पला देतात. इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागणं) शेवटी: १२ व्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) चढा लागला, तर सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा तुकडा) मागे घ्या.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पिकअपच्या उंचीने, आणि त्याला कोणी हात लावत नाही. लावला तर आवाज मोठा व्हावा म्हणून पिकअप पार वर आणून ठेवतात. मग सिंगल कॉइलचे चुंबक तारेला ओढतात आणि जाड ई तार वरच्या फ्रेट्सना थरथरते, बेसूर होते. ट्यूनर कितीही फिरवा, जात नाही. तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि तारेपासून पिकअपपर्यंत मोजा: जाड ई ला २ मिमी, पातळ ई ला १.६. इथून कानाने ठरवा. नेकचा पिकअप घुमत असेल तर अजून खाली.

आता अ‍ॅम्प. फ्रंटमन १०जी म्हणजे १० वॉट आणि ६ इंची स्पीकर. क्लीन आवाज पैसे वसूल. ड्राइव्ह (मुद्दाम फाटका केलेला आवाज) मात्र गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) पूर्ण उघडला की बाटलीत माशी कोंडल्यासारखा होतो. गेन तिसऱ्या हिश्श्यावर, गिटारचा व्हॉल्यूम ७-८ वर, बेस अर्ध्याच्या खाली. एवढ्याशा स्पीकरला बेस झेपत नाही, तो फडफडतो. आणि अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा. जमिनीवर असला की ट्रेबल (तीक्ष्ण आवाज) गुडघ्यापाशीच राहतो, उभा माणूस तो वाढवत नेतो आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. गणपतीत लेझीम-ढोलांपुढे मात्र हा अ‍ॅम्प ऐकूच येणार नाही. तिथे त्याच्यासमोर माईक लावावा लागेल.

घर यंत्रमागांच्या शेजारी असेल किंवा खोलीत चोकवाली ट्यूबलाइट असेल तर सिंगल कॉइल गुणगुणणारच. स्विच ब्रिजच्या हंबकरवर न्या, किंवा बसल्या जागी थोडं वळून बघा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते हे ठीकच आहे. प्लगची अर्थिंगची पिन मात्र तोडू नका, शॉकशी गाठ आहे.

पुढे पैसे घालायचेच तर एक ओव्हरड्राइव्ह पेडल (पायाने चालू करायची, आवाज फाटवणारी डबी) घ्या, नवे पिकअप नकोत. पेडलवर ड्राइव्ह कमी, लेव्हल (बाहेर जाणारा आवाज) जास्त. अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, मध्ये ऋण टोक असलेला. घरातले बरेच अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे असतात आणि पेडल जळू शकतं. केबल ३ मीटर पुरे, लांब केबल ट्रेबल खाते.

एप्रिल-मे मधल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला बोचायला लागतात. गिटार पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका. टोकं बारीक कानशीने घासायची झाली तर आधी लाकडावर टेप लावा, आणि पाऊस सुरू झाला की नेक पुन्हा तपासा.